पूर्वेला उतू गेलेलं दूध

टेपकाका कुणाच्याही खोलीत शिरले की आधी झोपायचे. चपला दाराबाहेर काढायच्या, खिशातला रुमाल जमिनीवर पसरायचा, त्यावर डोकं टेकवायचं आणि छताकडे बघत उताणं पडून राहायचं. ज्याची खोली तो बापडा बॅगा धरून दारात उभा. काका छताचा कोपरा न् कोपरा न्याहाळायचे. मग पडल्या पडल्याच म्हणायचे, "खोली माणूस उभा राहून थोडी बघतो, झोपून जास्त बघतो. तेव्हा आधी झोपून बघावी." एवढं झालं की उठून टेप काढायचे.

तोंडावर आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. 'टेपकाका' पाठीमागे. पिवळी, स्टीलच्या पात्याची, सुटली की सर्रकन परत आत जाणारी ती टेप त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात कायम असायची. पाकीट विसरतील, टेप विसरायचे नाहीत. लग्नाच्या रिसेप्शनला गेले तरी टेप बरोबर, आणि स्टेजची रुंदी मोजून आले की काकू कपाळाला हात लावायच्या.

सिंगापूरला शिकायला येणाऱ्या मराठी पोरापोरींच्या हॉस्टेलच्या खोल्या लावून देणं हा त्यांचा छंद म्हणा, खूळ म्हणा. नोकरी चांगी बिझनेस पार्कात, एका बँकेच्या मागच्या कामांच्या ऑफिसात. राहायला बेडोकला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. ऑगस्टच्या सुमाराला इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाच्या तरी आईचा निरोप यायचा, "लेकीला हॉस्टेल मिळालं बरं का!" त्याखाली अभिनंदनाची फुलं, हात जोडलेले, फुगे, आणि त्या सगळ्यात काकांचं एकच वाक्य, "खोली ताब्यात कधी मिळते?"

माझ्या आईला चिंचवडला बसून हा माणूस देव वाटला. मला नाही वाटला. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी मोठी बॅग उघडायला लावली आणि आईने भरलेल्या वस्तूंची जमिनीवर तीन ढिगांत वाटणी केली. "लागणारं, आईला वाटतं लागेल असं, आणि स्वेटर." आई व्हिडिओ कॉलवर होती. मी डोळे वटारून तिच्याकडे बघत होते आणि ती काकांना हो हो म्हणत होती. घरात माझ्या बाबांचं एक वाक्य पुरं न ऐकणारी बाई! मी रागाने बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. परत येईपर्यंत माझ्या लहान बॅगेत त्याहून लहान बॅग, आणि ते सगळं मोठ्या बॅगेत जाऊन बेडखाली सरकलं होतं.

"खोली लहान नसते," काका हात झटकत म्हणाले, "सामान उद्धट असतं."

त्यांच्या अशा म्हणी पुष्कळ होत्या. भिंत आपली नसते, कोपरा आपला असतो, ही एक. कपाटात ते खडूंची जुडी दोऱ्याने बांधून टांगायचे, कारण इथल्या दमट हवेत कपड्यांना बुरशी धरते आणि खडू ओल शोषतात. आरसा बेडसमोर लावू द्यायचे नाहीत. सकाळी उठल्या उठल्या स्वतःचं तोंड बघून कुणाचं भलं झालंय, असं त्यांचं म्हणणं. आईबाबांचा फोटो मी टेबलावर ठेवला होता. तो त्यांनी उचलला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

"का हो काका? लपवायचेत का आईबाबा?"

"पहिले काही महिने असू दे. टेबलावर असले की अभ्यास करताना दिसतात, मग रडू येतं. रडायचं असेल तेव्हा दार उघडायचं. झालं की लावायचं."

मला ते तेव्हा फार आगाऊपणाचं वाटलं. पुढे त्या दाराचा मी किती उपयोग केला ते माझं मला माहीत.

आता गंमत अशी, की हे सगळं सांगतेय ते माझ्या अर्ध्या खोलीचं. खोली दोघींची होती. दुसरा अर्धा भाग मुक्ताचा, आणि मुक्ता म्हणजे काकांची स्वतःची मुलगी. त्या अर्ध्याला हात लावायची काकांना बंदी होती.

मुक्ता बेडोकची. तिथून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, कॉलेज लांब पडायचं, पण रोज जाऊन येणारी मुलं होतीच. तिला मात्र हॉस्टेलच हवं होतं. घरात त्यावरून काही महिने धुसफूस चालली, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. शेवटी तह झाला. बापाची अट, रूममेट आपल्यातली हवी. लेकीची अट, खोलीतल्या तिच्या अर्ध्याला बापाने बोटसुद्धा लावायचं नाही. आपल्यातली म्हणून मंडळाच्या ग्रुपवरून मी उचलली गेले. साहजिकच मुक्ताला पहिले काही दिवस मी बापाची हेर वाटत होते. मी खोलीत आले की ती फोन पालथा ठेवायची.

त्या पहिल्या दिवशीचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. इकडे माझी भिंत भरत चाललेली. चिकटणारे हुक, दोरीवर चिमट्याने लावलेले फोटो, पुस्तकांसाठी खोक्यांची मांडणी. तिकडे मुक्ताची बंद खोकी एकावर एक रचलेली, गादीवर चादरही नाही, आणि त्या उघड्या गादीवर पाय पोटाशी घेऊन ती बसलेली, कानात इअरफोन. काका तिच्याकडे पाठ करून काम करत होते. पण खिडकीचं माप घ्यायला त्यांनी टेप लावली आणि पातं सरसरत मधली हद्द ओलांडून मुक्ताच्या बाजूला गेलं.

मुक्ताने एक इअरफोन काढला. "बाबा. युअर टेप."

काकांनी अंगठा सोडला. टेप सर्रकन आत गेली. मी चिमट्यांशी खेळत राहिले. परक्यांचं भांडण बघण्याइतकं अवघड काही नाही, आणि न झालेलं भांडण त्याहून अवघड.

सगळं कळायला मला दोन आठवडे गेले. हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, नूडल्स खाताना मुक्ताच आपणहून बोलली. तिचं मराठी घरचं, चांगलं होतं, पण भावनेचं काही आलं की ती इंग्रजीत शिरायची.

"आम्ही किती फ्लॅट बदलले माहितीये? बाबाचा इथे काम करायचा पास दोन वर्षांचा, फ्लॅटचं ॲग्रीमेंट दोन वर्षांचं. ओनर म्हणणार, भिंतीला खिळा मारायचा नाही. मी सकाळी एका घरातून शाळेत जायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या घरी यायचे. माझी खोली लागलेली असायची. सेम टू सेम. बेड तिथेच, टेबल तिथेच, सॉफ्ट टॉइजसुद्धा त्याच ऑर्डरमध्ये. सगळे म्हणायचे, सो स्वीट, युअर डॅड. पण मला वाटायचं की मी कुठे गेलेच नाही, फक्त खिडकीबाहेरचं कुणीतरी बदललं." ती काड्यांनी नूडल्स नुसतीच ढवळत होती. "मला एकदा चुकायचंय, यू नो? बेड राँग जागी लावायचाय. माझ्या हाताने. माझी पहिली खोली आहे ही. ही गेली तर परत बेडोक, परत सेम टू सेम."

"मग लाव ना. खोकी उघड तरी."

"तो येतोय ना दर आठवड्याला. त्याच्यासमोर कशी चुकू?"

खरंच येत होते. पूर्वेच्या टोकाहून पश्चिमेच्या टोकाला, एमआरटी आणि मग बस. हॉस्टेलच्या नियमाप्रमाणे पाहुण्याने खाली कुणाचा तरी पाहुणा म्हणून नाव द्यावं लागे. मुक्ता आपलं नाव देऊ द्यायची नाही, म्हणून ते माझे पाहुणे म्हणून वर यायचे. स्वतःच्या मुलीच्या खोलीत माझे पाहुणे! आले की माझा एखादा न निसटलेला हुक दाबून बघायचे, माझे खडू उन्हात ठेवायचे, आणि नजर हळूच पलीकडच्या खोक्यांवर जायची. मुक्ता त्या वेळी नेमकी अंघोळीला जायची.

मी वैतागले होते. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली होती. एकदा मी स्पष्टच म्हणाले, "काका, माझी खोली लागली आता. अजून किती लावणार?" त्यांचा चेहरा एवढासा झाला. म्हणाले, "हो हो. तुझी लागली." पुढच्या शनिवारी परत हजर.

मात्र त्या शनिवारी ते चुकीच्या वेळी आले. दुपारी. मुक्ताचा ड्रॅगन बोट वल्हवायचा सराव असतो ती वेळ. हातात कापडी पिशवी होती आणि आल्या आल्या ते झोपले नाहीत, तेव्हाच मला शंका आली.

पिशवीतून त्यांनी एकेक वस्तू माझ्या टेबलावर मांडली. छोटं पातेलं. सांडशी. दुधाची बाटली. आणि विजेची एक छोटी शेगडी, गोल तार लाल होते ती.

"काका, हे खोलीत चालत नाही. दारामागे लिहिलंय बघा. पॅन्ट्री आहे कॉरिडॉरच्या टोकाला."

"पॅन्ट्री कुणाचं घर आहे? दूध घरात उतू जावं लागतं."

मग मला उलगडलं. नव्या घरात राहायला गेलं की पहिलं दूध तापवून उतू घालतात, ते आमच्याकडेही करतात. बाबांनी चिंचवडचा फ्लॅट घेतला तेव्हा आईने घातलं होतं. पण ते घर. ही दोन बेडची, छताला पंखा लटकलेली हॉस्टेलची खोली. इथे कसलं उतू घालायचं?

"सगळ्या फ्लॅटमध्ये घातलंय आम्ही," काका शेगडीची वायर सोडवत म्हणाले. "एकाच ठिकाणी राहून गेलं. हिची परीक्षा होती, घाई होती, म्हटलं नंतर घालू. तर ते घर सहा महिन्यांत सुटलं. मालकाने विकलं. वर्षाच्या मध्यात शाळा बदलावी लागली हिला. किती रडली होती. तेव्हापासून मी ठरवलंय. मला पटतं असं नाही गं. मी इंजिनिअर माणूस आहे. पण राहून जायला नको." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तिला ही खोली फार हवी होती. ती सुटायला नको."

मी दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी खिशातून टेप काढून पातं न सोडता नुसतीच मुठीत धरली होती, आणि मी टेबलावरच्या वह्या बाजूला सरकवल्या.

"तिच्या अर्ध्याला हात लावणार नाही," ते म्हणाले. "तुझ्याच टेबलावर."

फोनवर त्यांनी दिशा बघितली. दूध पूर्वेला उतू जावं लागतं. पूर्व म्हणजे मुक्ताची बाजू. शेगडीच्या एका पायाखाली त्यांनी कागदाची घडी सरकवली, पातेलं किंचित तिकडे कललं. "मी हात लावला का? दूध आपणहून जाईल," असं म्हणून ते चक्क हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं असेन.

दूध वर आलं. काकांनी डोळे मिटून हात जोडले. दूध पूर्वेकडून ओघळलं आणि थेट लाल तारेवर पडलं. चर्र झालं, आणि करपलेल्या दुधाचा पांढरा लोट सरळ छताकडे गेला. मी शेगडी बंद केली, खिडकीची सगळी पाती उघडली, वही घेऊन वारा घालायला लागले. काकांचे डोळे अजून मिटलेले. मग छतावरची ती गोल पांढरी डबी किंचाळली, तिच्यामागून कॉरिडॉरमधली, तिच्यामागून अख्खी इमारत.

सगळं हॉस्टेल बास्केटबॉलच्या मैदानावर जमलं. केसांना फेस लावलेल्या मुली, उघडी पोरं, एक जण हातात कपनूडल्स घेऊन. उन्हाचा चटका बसत होता. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध इस्त्रीचा शर्ट घातलेला एक काका, सांडशीत धरलेलं पातेलं घेऊन उभा. तापलेलं होतं, खोलीत कुठे ठेवायचं कळेना म्हणून घेऊनच आले होते. पोरं हसत होती, फोटो काढत होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि रागही इतका आला होता की त्यांच्या शेजारी उभं राहवत नव्हतं.

मुक्ता सरावावरून ओल्या कपड्यांत आली. तिने आधी इमारतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पातेल्याकडे.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली. "काय केलंस?"

काकांनी पातेलं थोडं पुढे केलं. मग म्हणाले, "उतू गेलं. पूर्वेलाच गेलं."

मुक्ताला सगळं कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ऑफिसच्या दिशेने चालायला लागली. आम्ही दोघं तिच्या मागे.

हॉस्टेलच्या मॅनेजर बाई पन्नाशीच्या होत्या, बारीक, चष्मा डोक्यावर. वाईट वागल्या नाहीत. उलट फार शांत होत्या. खोलीत शेगडी लावणाऱ्याची खोली जाते, हा नियम त्यांनी सांगितला. पाहुण्याने लावली तर ज्याचा पाहुणा, त्याची खोली जाते.

"मग," त्यांनी विचारलं, "हे कुणाचे पाहुणे?"

खाली माझंच नाव दिलेलं होतं. माझी खोली गेली तर बाहेर भाड्याने राहणं आमच्या घराला झेपणारं नव्हतं. चिंचवडला फोन करून काय सांगायचं, आई, काकांनी खोली लावून दिली आणि काढूनही घेतली? मी 'माझे' म्हणायला तोंड उघडलं.

"माय फादर," मुक्ता म्हणाली. "ही इज माय गेस्ट."

मी काकांकडे बघितलं. इतके आठवडे हा माणूस त्या एका शब्दासाठी बेडोकहून येत होता, आणि मिळाला तो असा, तिची खोली जायच्या वेळी. त्यांना तिथे गप्प बसता आलं असतं. गप्प बसले असते तर मुक्ता बेडोकला परत आली असती. तिथे तिच्या बेडवरची चादर ते दर रविवारी बदलत होते, हे मला काकूंकडून माहीत होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि खरं सांगते, मला भीती वाटली की ते गप्प बसतील.

काका उभे राहिले. पातेलं अजून हातात. "मॅडम," ते त्यांच्या पुणेरी इंग्रजीत म्हणाले, "हिची खोली घेऊ नका. चूक माझी. ही इथे नव्हतीच. मला बंदी करा. मी या बिल्डिंगमध्ये पाऊल टाकणार नाही. ही आहे तोवर."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "अंकल, तुम्ही शिजवत काय होता?"

"शिजवत नव्हतो, मॅडम. दूध उतू घालत होतो. नवीन घर आहे ना. म्हणजे तिचं पहिलं."

"मुद्दाम सांडायला तापवलं?"

"हो."

बाईंनी वाकून पातेल्यात बघितलं. मग म्हणाल्या, "मी माझ्या फ्लॅटमध्ये राहायला गेले तेव्हा सासूबाईंनी दारातून अननस गडगडत आत सोडला होता. घरात भरभराट येते म्हणून. पण अंकल, अननसाने अलार्म वाजत नाही लाह."

इथली माणसं वाक्याला जोडतात तो 'लाह' लावूनही कुणी हसलं नाही. निर्णय त्यांच्या एकटीच्या हातात नव्हता. समिती बसणार होती, पुढच्या आठवड्यात.

तो आठवडा मला नको झाला होता. मुक्ता माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. मी "थँक्स" म्हणाले तर म्हणाली, "डोन्ट लाह. तुझं काय चुकलं." खोकी तशीच. जायचंच असेल तर उघडायची कशाला? ती चादर न घातलेल्या गादीवर झोपायची. मी माझ्या छान लागलेल्या अर्ध्या खोलीत, फोटोंच्या दोरीखाली झोपायचे, आणि ती दोरी ओढून काढावीशी वाटायची. काकूंचा फोन आला, "टेप कपाटात ठेवून दिली गं त्यांनी. ऑफिसलाही नेत नाहीत." दुधाने तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काकांनी तर घरी चहासुद्धा बिनदुधाचा सुरू केला होता.

शुक्रवारी दुपारी मेल आला. मुक्ताने मोठ्याने वाचला. आम्हा दोघींना ताकीद, पुन्हा काही घडलं तर खोली जाईल. आणि मुक्ता इथे राहते आहे तोवर तिच्या वडिलांना इमारतीत प्रवेश नाही.

तिने फोन खाली ठेवला. मग उठली आणि तिने आपला बेड खेचायला सुरुवात केली. करकर आवाज करत, धापा टाकत, एकटीने. मी मदतीला उठले तर हातानेच थांबवलं. बेड खिडकीखाली आडवा गेला आणि कपाटाच्या दारासमोर आला.

"अगं, दार अर्धंच उघडतंय."

"आय नो," मुक्ता म्हणाली, आणि इतकी खूश दिसली की मी दाराचा विषय सोडून दिला. मग तिने सगळी खोकी एकदम उघडली. संध्याकाळपर्यंत तिच्या बाजूला जमीन दिसत नव्हती. काका असते तर त्यांना भोवळ आली असती.

पुढे, गेल्या वर्षी, काकांच्या पासचं नूतनीकरण झालं नाही आणि काका-काकू पुण्याला परतले. तिथे त्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे, भिंती त्यांच्या, खिळे हवे तेवढे मारा. काकांनी हौसेने ड्रिल मशीनही आणलं. मी सुट्टीत गेले तेव्हा ते खोक्यातच होतं. कॅलेंडर, किल्ल्या, काकूंची पर्स, सगळं चिकटणाऱ्या हुकांवर. मी चिडवलं तर म्हणाले, "मारायचाय गं खिळा. जागा ठरत नाहीये." मी सध्या बेडोकलाच एका फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेऊन राहते. ताब्यात घेतली त्या दिवशी दार लावून आधी जमिनीवर झोपून बघितली. कुणाला सांगितलं नाही.

पण मला सांगायचंय ते हॉस्टेलच्या त्या पहिल्या वर्षीचं. बंदी आली तरी काका यायचे थांबले नाहीत, फक्त आता रविवारी येऊ लागले. आमच्या खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे बसस्टॉप होता. बसमधून उतरायचे, डबा घेऊन तिथेच उभे राहायचे. मुक्ता खाली जायची. साबुदाण्याची खिचडी चिकट झाली का, काकूंचा गुडघा कसा आहे, एवढंच बोलणं. खोलीबद्दल एक अक्षर नाही. विचारायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आणि ते पाळताना त्यांची मान अवघडायची. डबा देऊन झाला की एकदाच वर बघायचे. खिडकी दुसऱ्या मजल्यावर. तिथून त्यांना पडद्याखेरीज काय दिसणार?

एका रविवारी सकाळी मुक्ताने तळातलं खोकं उपसलं. त्यात काकूंनी न सांगता तोरण घालून दिलं होतं. लाल कापडाचं, आरशांचं, प्रत्येक भाड्याच्या दारावर दोन हुकांच्या आधाराने टांगलेलं. ती ते मांडीवर घेऊन बसली. मला वाटलं परत आत टाकेल. पण तिने माझ्याकडे दोन हुक मागितले, बेडवर चढली आणि ते खिडकीला बांधलं. दाराला नाही, खिडकीला. तेही उलटं, आरसे बाहेरच्या बाजूला. खोलीत नुसत्या गाठी आणि लोंबणारे दोरे दिसायला लागले.

"अगं, उलटं लावलंस."

"वेट," ती म्हणाली.

बस आली. काका उतरले, डबा सावरला आणि सवयीने वर बघितलं. बघतच राहिले. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. आरशांवर ऊन पडलं होतं, त्यामुळे की कशामुळे त्यांनी डोळ्यांवर हात धरला. मग त्यांचा मोकळा हात आपोआप पँटच्या उजव्या खिशाकडे गेला, खिसा रिकामा निघाला, आणि तो हात हळूहळू वर आला. तळवा वर करून त्यांनी खूण केली, थोडं वर घे. डावी बाजू उतरली आहे.

मुक्ता हसली, आणि हसता हसता रडायला लागली. तिने त्यांना अंगठा दाखवला, डोळे पुसले आणि डबा आणायला पळाली. मी बेडवर चढून उतरलेल्या बाजूचा हुक सोडवायला घेतला, तर ती दारातून परत वळली.

"नको. राहू दे तसंच."

"अगं, खरंच वाकडं आहे."

"माहितीये. सरळ केलं तर बघेल आणि लगेच परतीची बस पकडेल."

काका वर्षभर दर रविवारी बसस्टॉपवरून तळवा वर करत राहिले, मुक्ता दर रविवारी त्यांना अंगठा दाखवत राहिली, आणि आम्हाला खोलीतून त्या तोरणाच्या गाठीच दिसत राहिल्या.